तात्याबाचा दहावा

अवो बसा, बसा की साहेब, उठताय कशाला? व्हय, तात्याबा टेंगले म्हंजी मीच. सुरजचा बाप. न्हाई वो, चुलता न्हाई, थोरला भाऊ न्हाई — बापच. नदीच्या घाटावर त्या मच्छिंद्रानं बरूबर धाडलं तुम्हाला — हसत व्हता का? हसनारच, त्याला आयतंच घावलं. आता संध्याकाळपतुर आख्ख्या वडगावात झालं — तात्याबाच्या दहाव्याला पाव्हना आला आन् तात्याबानंच त्याला पान्याचा तांब्या दिला! घ्या, पानी घ्या. माठातलं हाय, गार. भुताच्या हातचं न्हाई. — बरं, हसू नका. मी आपलं उगं. तोंडाला कायतरी लागतंय मला, गप बसलं की जीव घाबरा हुतो.

तुम्ही सत्यजीत साहेब ना? सुरजच्या शिफ्टचे? वळखलं म्या. त्यो सांगतो तुमचं, आमचे साहेब शिरूरचे हाईत, शेतकऱ्याच्या घरातले हाईत म्हनून. आन् ह्ये पिशवीत काय — टॉवेल, टोपी? दुखवट्याचं? डिपार्टमेंटनं मिळून? बघा. म्हंजी मानसं चांगली हाईत तुमच्याकडली. गुरुवारची एक हक्काची सुट्टी, ती मोडून, सणसवाडीपसनं हितवर उन्हातान्हात गाडी हानत, एका कामगाराच्या बापाच्या दहाव्याला — कोन येतं आजकाल? समदं मोबाईलवरच उरकत्यात. त्ये बी केलंच म्हना तुमच्या पोरांनी. सुनंच्या मोबाईलवर आलं कुनाचं तरी स्टेटस — माजा फोटू, सुरजच्या लग्नातला, फेटा बांधलेला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आन् दोन्ही अंगाला समया, ज्योत हालतीया त्यांची. मी लई येळ बघत बसलो. फोटू झ्याक निवडला व्हता. रुपालीनं — सुनंनं — मोबाईल काढून घेतला हातातनं, म्हनली मामा नका बघू, अपशकुन हुतो. आता मेल्याला कसला आलाय अपशकुन? पन खरं सांगू का साहेब, रातीला अंथरुनावर पडलो आन् त्या समया डोळ्याम्होरनं जाईनात.

चहा ठेवलाय. पन आमची ही भायेर यायची न्हाई, मीच उठून आनीन. रतनबाईला राग आलाय. माजा. आन् जरासा तुमचा बी — न्हाई, तुम्ही मनावर घिऊ नका, तिची तऱ्हाच तशी हाय. काय झालं, ज्या दिवशी फोनवर मी मेलो ना, त्या टायमाला ती चुलीपाशी व्हती, भाकरी तव्यावर. भाकरी करपून कोळसा झाली, धूर घरभर, ही जाग्यावरनं हालंना. मंग भायेर आली, माज्याम्होरं हुबी ऱ्हायली आन् म्हनली, ह्ये कपाळावरचं पुसू का ठिवू? — काय सांगनार? बोला, काय सांगनार? चार दिस बोलली न्हाई माज्याशी. ताट आदळायची म्होरं. मी म्हनलं, अगं बाई, मी जित्ता हाय, जेवतोय, दिसतोय न्हवं तुला? तर म्हनली, मेल्याला ताट वाढतीया मी, तेच्यापरास काय करू आनीक.

त्यो? त्यो न्हाई घरात. खोटं न्हाई सांगत. आता तुम्हाला वाटनार, ह्या घरात खरं कोन बोलतंय — पन खरंच न्हाई. दौंडला गेलाय, रुपाली आन् त्यो, मोटरसायकलवर. दवाखान्यात. गुरुवारी तिथं एक डॉक्टर येत्यात... पोटाचे. न्हाई — पोटाचे न्हाईत. बघा, सवयच लागली जिभंला. मनाचे डॉक्टर येत्यात, साहेब. मनाचे. झालं, बोललो एकदाचं. गावात अजून कुनाला ठावं न्हाई, तुम्हीच पयले. भावकीला पोटाचं सांगितलंय. शेजारी तर मुतखडा म्हनत्यात, एकानं पानफुटीचा पाला आनून दिला. रुपाली रोज त्यो पाला वाटती आन् मोरीत वतती.

न्हाई, थांबा. खोटारडा म्हनू नका त्याला. म्हनला न्हाईत, पन तोंडावर दिसतंय तुमच्या. त्यो न्हाई बोलला खोटं. म्हंजी तोंड त्याचं, पन बोल माजा. त्यानं आधी खरंच सांगितलं की तुम्हाला! आठवतंय का? सकाळचा फोन. ह्याच ओट्यावर बसून लावलेला. म्हनला, साहेब, मला आज याला जमायचं न्हाई, मन बरं न्हाई माजं. — तुम्हीच व्हता ना तिकडनं? ऐकू येत व्हतं मला, शेजारीच व्हतो. तुम्ही हसला. आता राग न्हाई वो त्याचा, मी असतो तर मी बी हसलो असतो. मन बरं न्हाई म्हंजी काय, म्हनला तुम्ही, सासरी चाललायस का? ताप हाय का, जुलाब लागल्यात का, हात मोडलाय का — काय असंल ते सांग, डॉक्टरचा कागद आन. आन् शिपमेंट हाय, दोन मानसं आधीच कमी हाईत, प्रेसचं मशीन बंद ठिवू का तुज्या मनासाठी? बरूबर हाय तुमचं. तुमच्या डोक्यावर बी कोनतरी बसलेला असनार. पन माजं पोरगं फोन कानाला लावून नुसतं बसलं. ऐकत व्हतं. तोंड उघडायचं, मिटायचं. त्याला सांगताच यीना साहेब, काय हुतंय ते. आन् तुम्ही तिकडनं, हॅलो, हॅलो, अरे कोन मेलंय का काय घरात? — असं इचारलं तुम्ही. बुडत्याला काडी घावली म्हना. म्या त्याच्या मांडीवर हात ठिवला आन् हळूच म्हनलं, सांग. सांग, बाप गेला.

इतकं सोपं झालं बघा मंग! एकदम तुमचा आवाज बदलला. अरे अरे अरे, म्हनला, कवा? कसं? सावकाश ये, दहावा-तेरावा करून ये, आईला संभाळ. मला ऐकून भरून आलं. किती मायेनं बोलत व्हता तुम्ही! आन् त्यो रडला. खराखुरा रडला, हुंदके देऊन, कितीतरी महिन्यांनी रडला. तुम्हाला वाटलं बापासाठी रडतोय.

आता तुम्ही म्हनाल, बापच कशाला, आजी मारायची. आजी त्यानं आधीच घालवलीया तुमच्याकडं, यात्रंला सुट्टी पायजे व्हती तवा. ती खरी तर त्यो शाळंत जायच्या आधीच गेली. आन् आजीला किती सुट्टी देता तुम्ही? दोन दिस. चुलता मेला तर एक. बापाला मातूर कोन काय बोलत न्हाई. आपल्यात असंच हाय ना साहेब — बाप गेला म्हनल्यावर मानूस जेवला न्हाई तरी चालतंय, आंघोळ केली न्हाई तरी चालतंय, भिताडाकडं तोंड करून पडला तरी लोक म्हनत्यात, पडू द्या, बाप गेलाय त्याचा. आन् बाप जित्ता असताना तेच केलं, की त्यो येडा. मी इचार केला, मंग मरतो की मी. माजं काय जातंय?

फकस्त दहाव्याचं ध्यानात आलं न्हाई. मेल्यावर मानसं भेटायला येत्यात, ह्ये ज्याचा दहावा त्यालाच सुचलं न्हाई बघा. कंपनीतलं कोन कशाला येतंय हितवर, असं वाटलं. तुम्ही आला.

कारन? कारन इचारताय? — तीच तर गोम हाय. कारन असतं तर म्या त्या कारनाचं नरडं धरलं असतं. दारू न्हाई. बायकू गुनाची. भांडान न्हाई तंटा न्हाई. यंदा पर्मनंट करनार म्हनून तुम्हीच सांगितलेलं त्याला. तरी आपलं कामावरनं यायचं, अंगनात गाडी लावायची आन् गाडीवरच बसून ऱ्हायचं. हेल्मेट डोक्यात तसंच. आत ये म्हनलं की येतो म्हनायचं, आन् बसायचं. आधी वाटलं मोबाईल बघतोय. मंग वाटलं बायकूशी बिनसलंय. एकदा मी जवळ गेलो, काच वर केली हेल्मेटची, तर आत डोळं उघडं, आन् बघत कुठंच न्हाई. मी म्हनलं, काय रं? म्हनला, काय न्हाई आबा, हितं आत कुनाचा आवाज येत न्हाई.

मी जलमभर मेंढरं राखली साहेब. बाप, आजा, समदे मेंढरांमागं कोकनापतुर जायाचे. आता ऊस हाय, घर हाय, धा-बारा मेंढरं हाईत हौसंपोटी. पन एखादं मेंढरू खाली मान घालून बाजूला हुबं ऱ्हायलं की मला लांबनं कळायचं. पोराचं न्हाई कळलं. पोरगं बाजूला हुबं ऱ्हायलं तर वाटलं, कंपनीत जातंय, मोठं झालंय, आपल्याशी काय बोलंल. वर बोललो बी त्याला. एसीत बसून हात दुखत्यात का तुजं, म्हनलं. एसी न्हाई हाय व्हय तिथं? — मला काय ठावं.

हिनं आपलं तिच्या परीनं केलं. अंगारा लावला, दृष्ट काढली, बिरोबाला भंडारा वाहिला. देवरुश्याकडं बी नेलं. त्यो म्हनला, भायेरचं हाय. रतनबाईला बरं वाटलं, भायेरचं हाय म्हंजी आपल्या पोराचं न्हाई. आन् खरं सांगू, त्याच्या अंगात आलं असतं ना, तर गाव नारळ घिऊन दारात हुबं ऱ्हायलं असतं, पाया पडलं असतं. तुम्ही बी सुट्टी दिली असती — देवाचं हाय म्हनून. ह्ये मातूर ना देवाचं, ना तापाचं. ह्याला काय नाव सांगावं फोनवर? डॉक्टरनं सांगितलंय कायतरी, इंग्रजी हाय, रुपालीला येतं म्हनता. गोळ्या दिल्यात. झोप लागती आता. परवा पोळी मागून खाल्ली, आमच्या हिनं पदर डोळ्याला लावला.

काल न्हाव्याकडं धाडला व्हता. हसाल तुम्ही — मुंडन करायला. आता बाप मेलेला मानूस कामावर केस घिऊन कसा जानार? तुम्हीच इचारलं असतं. मीच म्हनलं, सुरज्या, केस काय, महिन्यात येत्यात, करून टाक. गेला. खुर्चीत बसला, न्हाव्यानं कापड बांधलं, वस्तरा लावनार तेवढ्यात उठला, तसाच घरी आला, गळ्यात केसाचं कापड घिऊन! मी वरडलो. म्हनलं, आता काय करायचं, आता कसा जानार तू? तर म्हनला, आबा, तुम्ही हाय तवर न्हाई काढायचो मी. — आन् आत जाऊन झोपला. न्हावी आला मागनं कापड मागत. असलं हाय सगळं. हसावं का रडावं कळंना.

निघताय? चहा तरी... बरं. न्हाई, निघाच. खरं म्हंजी मलाच सांगायचं व्हतं, निघा म्हनून, धाडस हुईना. ते यायची येळ झाली. तुम्ही चौफुल्याच्या अंगानं नका जाऊ, त्याच वाटंनं येनार ते — मांडवगनावरनं जावा, जरा लांब पडंल. वाईट वाटून घिऊ नका. पन त्यानं तुम्हाला हितं बघायला नको. त्याला कळायला नको की साहेब घरी आले, बाप बघितला, खोटं उघडं पडलं. कंपनीत हसत्याल, स्टेटस ठिवनारी पोरं हसत्याल, ते त्याला सोसायचं न्हाई. तुम्ही म्हनाल, एवढं काय, शरम वाटंल चार दिस, काय मरत न्हाई मानूस शरमंनं —

मरतंय साहेब. मरतंय. तुम्हाला ठावं न्हाई.

न्हाई, काय न्हाई. आपलं बोललो. — अवो काय न्हाई म्हनलं ना. बसू नका परत. — बरं, बसा. आता तोंडातनं गेलंच हाय. रतनबाईला ठावं न्हाई ह्ये, म्हनून हळू बोलतो. त्या फोनच्या आदल्या दिवशी, दुपारच्याला, त्यो मळ्यात गेला. मोटर चालू करून येतो म्हनला. मी व्हय म्हनलं. आन् मंग हितं ओट्यावर बसल्या बसल्या मला आठवलं, की लाईट न्हाई. त्या आठवड्यात आमची थ्री फेज रातीची व्हती. दिवसा मोटर चालतच न्हाई. आन् त्याला ठावं हाय ते, रातच्याला त्योच जातो की पानी धरायला. मी कसा पळालो माजं मला ठावं न्हाई. पायात काय न्हाई. चांगली इहीर हाय आमची, आजानं खांदलेली. काठावर बसलेला. बूट काढून ठिवलेलं, कंपनीचं, आन् मोजं आत घातलेलं, नीट. कवा नीट ठेवत न्हाई त्यो मोजं.

काय करावं? वरडावं तर भ्या वाटलं. धरावं तर हात पुरंना. मी जाऊन शेजारी बसलो. पाय आत सोडून, त्याच्यासारखाच. आन् बोलाय लागलो. काय बोललो म्हनता? उसाचं. अवो खरंच, उसाचं बोललो. पाचट जाळायचं का कुजवायचं, कारखान्याची टोळी कवा यील, गेल्या साली वजनात कसं मारलं, हुमनी लागलीया कुठल्या सरीला — सगळं बोललो. सुरज, असं करू नगं, असं तोंडातनं निघंचना. बापाला यायला पायजे का न्हाई ते? न्हाई आलं. मी आपलं उसाचं बोलत ऱ्हायलो, दिस कलला तरी बोलत ऱ्हायलो, घसा बसला. मंग त्यो म्हनला, आबा, माज्यानं उठवत न्हाई. म्या हात दिला.

तवापसनं मी बोलतोय साहेब. गप बसलो की त्यो इहिरीवर दिसतो मला. आन् दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर इचारलं, कोन मेलंय का घरात. मी काय करायला पायजे व्हतं? पोरगं जान्यापरास बाप गेला म्हनलेलं काय वंगाळ? बाप जायाचाच असतोय. मेलो तर मेलो फोनवर, त्याचा एक दिस तरी निघाला.

म्हनून म्हनतो, त्याची नोकरी ऱ्हावो का जावो ते तुमच्या हातात, वरच्या साहेबांना काय सांगायचं ते सांगा, खोटं बोलला म्हनून काढा वाटल्यास — पन त्याला नका बोलू. मला बोला. मला शिव्या घाला, हितं, आता, मोकळं व्हा. मी बसतो ऐकत. आन् मंग मांडवगनावरनं —

फोन वाजतोय तुमचा.

घ्या की. घरनं असंल, उशीर झाला म्हनून — का वो? माज्याकडं का बघताय? दावा बरं. नाव वाचता येतंय मला. ...सुरज. सुरज प्रेस शॉप. न्हाई, न्हाई, उचलू नका! कळलं का काय त्याला? मच्छिंद्रानं फोन केला का काय? थांबा — न्हाई, उचला. उचला, न्हाईतर त्याला वाटंल... उचला, पन हितं हाय म्हनू नका. मी हाय म्हनू नका. देवाच्यान साहेब. — मोठ्यानं करा जरा, मला ऐकू येऊ द्या.

त्योच हाय. दवाखान्यातनंच बोलतोय. मागं कोन नर्स नाव पुकारतीया. नमस्कार म्हनतोय तुम्हाला.

काय म्हनला? वडील... वडील हाईत म्हनतोय माजे. घरी हाईत, जित्ते हाईत. मी खोटं बोललो साहेब, म्हनतोय. अरं लेकरा. — मीच आजारी हाय, म्हनतोय. मनानं. औषध चालू हाय. आवाज बघा कसा हालतोय त्याचा, पन बोलतोय, समदं बोलतोय. मला कामावर यायचंय, म्हनतोय. पन उद्या न्हाई येता यायचं. परवा बी न्हाई.

थांबला.

फोन ठिवला न्हाई त्यानं. श्वास ऐकू येतोय की. तुमची वाट बघतोय त्यो.

बोला ना साहेब. मी गप बसतो. बोला.